सेल्फ-ड्राइव्ह गाडीने ताडोबा-पेंच-कान्हा: गाडीला अडीच स्टार, स्टेपनीला शून्य

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाहीये. नागपुरात सेल्फ-ड्राइव्ह गाड्या देणारे बरेच आहेत आणि मला जे भोगायला लागलं ते त्यातल्या कोणाकडेही होऊ शकतं, त्यामुळे नावापेक्षा काय काय बघून घ्यायचं ते वाचा.

तर झालं असं की जानेवारी २०२५ मध्ये संक्रांतीच्या आठवड्यात पोरांच्या शाळेला दांडी मारून आम्ही सहा जण निघालो. मी, बायको, मुलगा ११ चा, मुलगी ६ ची, आणि सासू-सासरे. आम्ही पुण्याचे, सासर नागपूर. रात्रीच्या ट्रेनने नागपूर, तिथून सात सीटर भाड्याने, आणि सहा दिवसांत ताडोबा, पेंच, कान्हा करून परत. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जावईबापू, ड्रायव्हरवाली गाडी घ्या न, कायले उगाच डोक्याले ताप." ते वीज मंडळातून रिटायर झालेत, त्यांच्या ओळखीत चार टॅक्सीवाले. पण आपल्याला हौस, स्वतः चालवायची, मनात आलं की थांबायचं, गाणी आपली लावायची वगैरे.

भाडं दिवसाला ३८०० रुपये, रोज ३०० किलोमीटर फ्री, डिपॉझिट ५०००, पेट्रोल आपलं. रविवारी सकाळी पोरगा गाडी घेऊन वेळेवर दारात हजर, याला पैकीच्या पैकी मार्क. गाडी आतून स्वच्छ, एसी कडक, सहा माणसं आणि सासूबाईंचे लाडूंचे डबे धरून सगळं सामान बसलं. मी गाडीचा चारी बाजूंनी चार मिनिटांचा व्हिडिओ काढला तेव्हा बायको म्हणाली किती संशयी आहेस रे तू, पण हे लक्षात ठेवा, पुढे कामाला आलं. फक्त एक केलं नाही, डिकीतला मॅट उचलून स्टेपनी बघितली नाही. तीच चूक.

पहिला झटका तासाभरात. बोरखेडीच्या टोलला फास्टॅग स्कॅन झाला आणि लाल दिवा, टॅग ब्लॅकलिस्टेड. बॅलन्स नाही. मागे हॉर्नचा गजर, पोरं विचारतायत बाबा आपल्याला पकडलं का, आणि मी कॅश शोधतोय, दुप्पट टोल भरला आणि सुटलो. कंपनीला फोन केला तर "सर रिचार्ज झालाय, अपडेट व्हायला टाइम लागतो". तो अपडेट संध्याकाळी झाला. ताबा घेताना फास्टॅगचा बॅलन्स विचारून घ्यायचा असतो हे मला तेव्हा कळलं.

जाम, वरोरा, भद्रावती ही गावं करत ताडोबाच्या मोहर्ली गेटला पोचलो, रस्ता छान आहे, काही तक्रार नाही. सोमवारी ताडोबात दोन सफाऱ्या होत्या आणि इथेच मला पहिल्यांदा जाणवलं की आपण भाड्याची गाडी घेतलीये कशासाठी. कारण जंगलात तुमची गाडी चालत नाही हो! गेटवर जिप्सी घ्यायची, त्यात गाईड, ड्रायव्हर, आणि सहा पर्यटक, आम्ही बरोब्बर सहा. आपली ३८०० रुपये रोजवाली गाडी रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये कडुनिंबाखाली उन्हात तापत उभी. हे कळायला काही रॉकेट सायन्स लागत नाही पण बुकिंग करताना डोक्यात येतच नाही, डोक्यात असतं रोड ट्रिप, रोड ट्रिप.

ताडोबाचं थोडं सांगतो कारण त्याच्याशी पुढची भानगड जोडलेली आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं, आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १७२७ चौरस किलोमीटरचा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाइल न्यायला बंदी आहे, फोन खोलीवरच ठेवायचा. दुपारच्या सफारीत एक वाघीण रस्त्यावर येऊन बसली, सरळ बसलीच, वीसेक मिनिटं, कान खाजवले, जांभई दिली, आमची धाकटी फुसफुसत म्हणाली "बाबा ही कंटाळलीये". आणि आमच्याकडे फोटो एकही नाही. आता ऑफिसात कोणी विश्वास ठेवत नाही ते सोडा. मुद्दा हा की त्याच दिवशी कंपनीने मला चार वेळा फोन केला होता, "गाडीच्या परमिटच्या कागदाबद्दल", आणि मी उचलला नाही म्हणून त्यांनी विषय बंद केला. मेसेज टाकायचं काही सुचलं नाही. संध्याकाळी मिस्ड कॉल बघून मी परत केला तर ऑफिस बंद.

मंगळवारी ताडोबा बंद असतं, म्हणून तो दिवस प्रवासाचा ठेवला होता, आणि नेमकी त्याच दिवशी संक्रांत. (प्लॅन करणाऱ्यांनो, ताडोबा मंगळवारी बंद, मध्य प्रदेशातली पेंच-कान्हा बुधवारी दुपारी बंद, हे आधी कॅलेंडरवर लिहा आणि मग सफारीचं परमिट काढा. आमच्या ओळखीत एक जण मंगळवारी सकाळी थेट गेटवर पोचलाय.) सकाळी आठला निघून नागपूर ओलांडून पेंचच्या तुरिया गेटला दुपारच्या सफारीला पोचायचं होतं. देवलापारच्या पुढे हायवे जंगलातून जातो, तिथे जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच खांबांवर उचललाय, सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा. सासरे पोरांना सांगत होते की आपण वरून चाललो अन खालून वाघ चालला आसंन, पोरं खिडकीला नाक लावून. मजेत चाललं होतं.

खवासाजवळ राज्याची हद्द ओलांडली आणि तपासणीवाल्यांनी हात केला. सेल्फ-ड्राइव्हच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, त्यामुळे ती लांबूनच ओळखू येते. गाडीचं परमिट दाखवा. डॅशबोर्डच्या खणातली प्रिंट काढली तर मुदत डिसेंबरात संपलेली. आता कळलं सोमवारचे चार फोन कशासाठी होते! कंपनी म्हणे नवीन परमिट काढलंय, पाठवतो, पण ज्या माणसाकडे पीडीएफ आहे तो संक्रांतीच्या सुट्टीवर गावाला गेलाय. तपासणीवाल्यांना दोष देत नाही, ते बरोबर होते, कागद नाही तर नाही. एक वाजता थांबवलं ते तीन वीसला सोडलं. मधल्या वेळात सासूबाईंनी डबा उघडून त्या सगळ्यांना तिळगूळ वाटला, "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे त्यांना हिंदीत समजावून सांगितलं, आणि मला वाटतं शेवटी त्यांनी आम्हाला झाडाच्या सावलीत खुर्च्या दिल्या त्या तिळगुळामुळेच. पीडीएफ आली व्हॉट्सअ‍ॅपवर, उलटी स्कॅन केलेली.

सफारी गेली. सफारीच्या परमिटचे पैसे परत मिळत नाहीत, आणि जिप्सीवाला बिचारा गेटवर वाट बघत थांबलेला, त्याला अर्धे पैसे दिले, तो घेत नव्हता तरी दिले. हे सगळं मी कंपनीकडून मागितलं. उत्तर: "सर, आम्ही तुम्हाला चार वेळा कॉल केला होता." अरे पण बाबा, जंगलात फोन नेता येत नाही!! तुम्ही नागपूरचे ना?

त्या रात्री पोरं रडवेली, म्हणून सासरे त्यांना तारे दाखवायला गच्चीवर घेऊन गेले. पेंचचा महाराष्ट्राकडचा भाग २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (तारे नीट दिसावेत म्हणून रात्री अंधार जपलेली जागा) ठरला, आम्ही हद्दीच्या पलीकडे असलो तरी आकाश तर तेच ना. पण पौष पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली, चंद्र एवढा झगझगीत की तारे मोजून दहा-बारा दिसले. काही म्हणजे काही जमत नव्हतं त्या दिवशी.

बुधवारी सकाळची पेंचची सफारी मात्र मिळाली. वाघ नाही दिसला, रानकुत्र्यांची टोळी दिसली, आणि कांडोळाची पांढरीफटक झाडं, पहाटेच्या उजेडात एकेक झाड भुतासारखं उभं. मुलाला वाघापेक्षा रानकुत्रे आवडले.

दुपारी कान्ह्याकडे निघालो, खटिया गेट, दोनशे किलोमीटरच्या आसपास, सिवनी, मग नैनपूर, मग चिरईडोंगरी. नैनपूर सोडलं आणि मागचं डावं चाक बसलं. खिळा. इथपर्यंत ठीक आहे, खिळा कंपनीने नाही टाकला. मॅट उचलला, स्टेपनी बाहेर काढली, हाताने दाबली तर आत गेली. हवाच नाही! वर टायरवर नक्षी म्हणून काही शिल्लकच नाही, एकदम गुळगुळीत, बाबांच्या टकलासारखी, असं मुलगा म्हणाला आणि त्याही परिस्थितीत सगळे हसले. जॅक होता पण पाना दुसऱ्याच गाडीचा, नटावर बसेना.

कंपनीच्या "२४ तास रोडसाइड असिस्टन्स"ला फोन केला तर लोकेशन मागितलं, पाठवलं, मग म्हणाले सर हे मध्य प्रदेशात आहे, तिकडे आमची टीम नाही, तुम्ही लोकली करून घ्या, बिल पाठवा. मग चोवीस तास कशाचे? असो. एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्याच्याकडे पाना होता, चाक काढून दिलं, आणि त्याचा भाचा मोटरसायकलवर चाक मांडीवर घेऊन नैनपूरला गेला. तासाभराने पंक्चर काढून, आणि स्टेपनीतही हवा भरून परत आला. पंक्चरचे दीडशे, बाकी स्टेपनीचा वॉल्व्ह बदलला, एकूण चारशे झाले. स्वतःसाठी त्याने काहीच घेतलं नाही, "आप मेहमान हैं" म्हणाला, मग सासूबाईंनी उरलेला तिळगुळाचा डबाच दिला. अंधारात खटियाला पोचलो, थंडी अशी की स्टिअरिंगवरची बोटं वळत नव्हती.

कान्हा बघाच. ताडोबा-पेंच सागाचं जंगल, कान्हा सालाचं, हिरवंगार, आणि मध्ये मोठमोठी गवताळ मैदानं. सकाळी त्या गवतावर पांढरं दव गोठलेलं, जिप्सीत ब्लँकेट देतात तरी दात वाजतात, सासूबाई ब्लँकेटच्या आतून विचारत होत्या "आला का वाघ, आला की सांगा, तोवर मी नाही डोकं काढत." बाराशिंगा इथला खरा हिरो. १९७० मध्ये त्यांची संख्या ६६ वर आली होती, आता कळप दिसतात, शिंगांवर गवत अडकवून फिरणारे नर. आम्ही जवळ जवळ पाऊण तास ते बघत बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा मला गाडी, परमिट, स्टेपनी काहीच आठवलं नाही.

शुक्रवारी सकाळची सफारी करून बालाघाटमार्गे नागपूर, गाडी रात्री परत केली. घ्यायला आलेल्या पोराने टॉर्च मारून मारून बघितलं आणि मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून डिपॉझिटमधून १८०० कापणार म्हणाला. मी रविवारचा व्हिडिओ दाखवला. ओरखडा रविवारी सकाळी पण होता, अगदी तोच. मग ते म्हणे ठीक आहे, पण ३०० रुपये वॉशिंगचे. दिले, जंगलातली धूळ होती, ते मान्य.

आता हिशोब, कारण सासऱ्यांनी तो रात्री जेवताना कागदावर मांडूनच दाखवला. सेल्फ-ड्राइव्ह: सहा दिवसांचे २२,८०० आणि पेट्रोल सात हजाराच्या वर, म्हणजे तीस हजार. त्यांच्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याने सांगितलेला दर: १६ रुपये किलोमीटर, रोजचे कमीत कमी ३०० धरून २८,८००, वर ड्रायव्हरचा भत्ता २४००, म्हणजे ३१,२००. फरक बाराशेचा! आणि आपली गाडी नऊशे किलोमीटर सोडले तर उभीच होती. त्या बाराशेत परमिट काढायची जबाबदारी टॅक्सीवाल्याची, स्टेपनी त्याची, पंक्चर त्याचं, आणि पहाटे साडेचारला उठून सफारी केल्यावर डुलक्या खात गाडी मी चालवलीच नसती. सासरे काही बोलले नाहीत, फक्त कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सावजी रस्सा घ्या अजून, जावईबापू."

तरी कोणाला सेल्फ-ड्राइव्हच घ्यायची असेल तर माझ्यामते एकाच जंगलाला जाणाऱ्यांनी, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, घ्यावी. नागपूर-ताडोबा-नागपूर मस्त होईल. हद्द ओलांडणार असाल तर परमिटची तारीख हातात कागद घेऊन बघा, तोंडी नाही. स्टेपनी जमिनीवर आपटून बघा. पाना नटावर बसवून बघा, लाज वाटू देऊ नका.

अडीच स्टार का? दोन स्टार गाडीच्या इंजिनाला आणि वेळेवर आलेल्या पोराला, अर्धा एसीला. आजच त्यांचा मेसेज आला, फाइव्ह स्टार रेटिंग द्या आणि पुढच्या बुकिंगवर २०० रुपये सूट मिळवा. नैनपूरचं चारशेचं बिल पाठवून तीन आठवडे झाले, ते "प्रोसेसमध्ये" आहे. आले की इथे लिहितो.