चिलखत विकत घ्यावं, घरी ओवावं की आधी बंडी शिवावी?

डिसेंबर उजाडला की नौपाड्यात कुणीतरी मला गाठतंच. यंदा आमच्याच इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा आला. "काका, पाडव्याच्या स्वागतयात्रेत चिलखत घालायचंय. भाड्याने आणू, विकत घेऊ की घरीच करू?" मी विचारलं, "तू होणार कोण? मावळा की सरदार?" तो म्हणाला, "कोणीही चालेल. चिलखत दिसलं पाहिजे."

गोची इथेच होते. शिवकाळातला साधा मावळा चिलखतात नसायचा. डोंगर चढणारा, हलका, चपळ शिपाई तो. अंगात बंडी किंवा बाराबंदी, खाली तोकडी विजार, कमरेला शेला, डोक्याला मुंडासं, एवढाच त्याचा थाट. चिलखत परवडायचं ते सरदारांना, आणि तेही पुष्कळदा कपड्याच्या आत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफझलखानाला भेटायला गेले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यातला 'आत' हा शब्द मिरवणुकीत मात्र सगळे विसरतात.

ठाण्यातच राहतोय म्हणून आणखी एक. इथला किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला १७३७ मध्ये. चिमाजी आप्पांच्या फौजेतला शिपाई उभा करायचा तर शिवकाळानंतरची पन्नास-साठ वर्षं मध्ये गेलेली असतात; पागोट्याची ठेवण बदलते, अंगरख्याचा घेर बदलतो. समोरचा पोर्तुगीज करणारी मुलं छातीला पत्रा बांधतात. पण त्या काळचा साधा युरोपी शिपाई कोट घालून, बंदूक घेऊन लढत होता. तेव्हा आधी पात्र आणि साल ठरवा. पैशाचा हिशेब त्यानंतर.

आता पर्याय बघू. ड्रेपरीवाल्याकडचं भाड्याचं चिलखत सगळ्यात सोपं. ते बहुधा जाड दोऱ्याचं विणलेलं असतं आणि वर चंदेरी रंग फवारलेला असतो. रंगमंचावर, पंधरा फुटांवरून, दिव्याखाली ते झकास दिसतं. नाटकासाठी मी आजही तेच सुचवेन. रस्त्यावर लोक हातभर अंतरावरून बघतात, फोन नाकाशी आणतात. आणि आठच्या उन्हात घाम सुटला की मानेवर चंदेरी पट्टा उमटतो. एका दिवसाचं काम असेल, हौस फिटली की विषय संपणार असेल, तर बिनदिक्कत भाड्याने आणा. फक्त चेन आणि वेलक्रो शेल्याखाली झाका.

लोखंडी कड्या एकमेकांत ओवून केलेलं तयार चिलखत ऑनलाइन मिळतं. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडातल्या कारखान्यांतून असला माल युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांना जातो, त्यातलाच काही आपल्याकडेही विकला जातो. घेताना एकच गोष्ट तपासा: कडी कशी बंद केली आहे? स्वस्त मालात तारेची दोन टोकं नुसती समोरासमोर आणून दाबलेली असतात. चांगल्या मालात टोकं एकावर एक चढवून, चपटी करून, भोक पाडून त्यात बारीक रिवेट ठोकलेला असतो. जुन्या काळी लढाईत वापरलेली बहुतेक चिलखतं रिवेटची असत. आपल्याकडे अगदी उत्तरकाळात नुसत्या दाबलेल्या कड्यांचीही झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. काचेला नाक लावून कड्यांचे सांधे बघून या. लोकलचं तिकीट आणि एक दुपार खर्ची पडेल, पण नंतर ऑनलाइन फोटो मोठा करून बघितला की माल कळायला लागतो.

मी पहिलं चिलखत न बघताच मागवलं होतं, दाबलेल्या कड्यांचं. तेलाने माखलेलं पार्सल, वर 'एक्स्ट्रा लार्ज' एवढंच लिहिलेलं. घातलं तर छातीला ऐसपैस आणि बगलेत आवळ. यात्रेत ध्वज धरायला हात वर केला आणि बगलेतून 'टिक' असा आवाज आला. मग दर दहा पावलांना टिक, टिक. राम मारुती रोडला पोचेपर्यंत बगलेत मूठ जाईल एवढं भोक. मागून चालणाऱ्या एका चिमुरडीने शेवटी माझ्या हातात ओंजळभर कड्या ठेवल्या, "अंकल, तुमचं गळतंय."

तरीही दाबलेल्या कड्या टाकाऊ नाहीत. अंगावर कुणी वार करणार नसेल, नुसतं चालायचं आणि माहिती सांगायची असेल, तर त्या पुरतात. फक्त बगल आणि कोपर इथे जाड तारेचे जोड हवेत, आणि ते तुम्हाला स्वतः घालता यायला हवेत. रिवेटचं चिलखत बरंच महाग. आयुष्यात एकदाच घ्यायचं असेल तर तेच घ्या, पण मापाशिवाय घेऊ नका.

घरी ओवणं हा माझा आवडता पर्याय, म्हणून त्याचा काळा भागही सांगतो. मापं अशी: दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार आणि ८ मिलिमीटरचा गज. गजावर तार स्प्रिंगसारखी गुंडाळायची, वेटोळं बाजूने कापायचं, की कड्या तयार. आतला व्यास तारेच्या जाडीच्या साधारण पाचपट असावा. तिपटीच्या खाली गेलात तर एका कडीत चार कड्या मावत नाहीत, सहापटीच्या वर गेलात तर जाळं लुळं पडतं. मांडीपर्यंतच्या, अर्ध्या बाह्यांच्या चिलखताला पंधरा ते वीस हजार कड्या लागतात. वीस हजार धरल्या तर एका कडीला सुमारे ३ सेंटिमीटर तार, म्हणजे ६०० मीटर. आणि वजन साडेनऊ किलोच्या आसपास. तासाला अडीचशे कड्या ओवल्या जातात, तेही हात बसल्यावर. हिशेब करा: ८० तास. रोज जेवणानंतर एक तास बसलात तर अडीच-तीन महिने.

आणि ते तास काही वाईट जात नाहीत. दोन पकडी, पुढ्यात स्टीलचं ताट, ताटात उघड्या कड्या. उघडी कडी चार बंद कड्यांतून घालायची, दोन्ही पकडींनी टोकं आधी थोडी पुढे ओलांडून मग मागे आणायची, म्हणजे फट राहत नाही. बोट फिरवून बघायचं. खरखर लागली तर पुन्हा दाबायची. आमच्या हिने पहिल्या आठवड्यात विचारलं, हे कधी संपणार. तिसऱ्या आठवड्यापासून ती मालिका बघता बघता कड्या उघडून द्यायला लागली.

जाळ्याला कापडासारखी आडवी-उभी दिशा असते. नीट दिशेने टांगलं तर चिलखत स्वतःच्या वजनाने मिटतं आणि अंगाला बसतं. फिरवून जोडलं तर पिशवीसारखं लोंबतं. वीतभर तुकडा ओवून दोन्ही बाजूंनी टांगून बघा, मग पुढे जा. मी हे पोटापर्यंत आल्यावर शिकलो.

तार कापताना चष्मा लावा, तुकडे उडतात. काळपट जुनाट रंग यावा म्हणून जी.आय. तार गॅसवर तापवू नका. वरच्या जस्ताचा धूर छातीला त्रास देतो. ॲल्युमिनियमचा मोह अनेकांना होतो, कारण तेच चिलखत सव्वातीन किलोत बसतं. शाळेत मुलांना घालून दाखवायला ते उत्तम. पण ते खळखळ वाजत नाही, अंगावरून ओघळत नाही, आणि पांढऱ्या अंगरख्यावर काळपट डाग सोडतं.

आता जाड, थरांची बंडी. हा पर्याय कुणी विचारतच नाही, म्हणून मी मुद्दाम पुढे करतो. कापडाचे थरावर थर शिवून केलेलं जाड वस्त्र हे चिलखताखालचं अस्तर होतं, आणि ज्याला लोखंड परवडत नाही त्याचं तेच चिलखत होतं. युरोपात फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या फर्मानात शिपायांच्या अंगरख्याला कापडाचे २५ ते ३० थर आणि वर हरणाचं कातडं असावं असं नेमलेलं आहे. आपल्याकडे कापूस भरलेले, टाके घातलेले अंगरखे होते; 'चिलता हजार माशा' म्हणून जो प्रकार संग्रहालयांत दिसतो त्यात असल्या कापडी अंगरख्यावर पितळी खिळ्यांची दाटी असते.

ज्यांच्या घरी गोधडी शिवली गेली आहे त्यांना बंडीबद्दल वेगळं शिकवायची गरज नाही. थर पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मधून बाहेर धावदोरा घालत जायचं. माझी बंडी मांजरपाटाची, पंधरा थरांची. भिवंडीहून कोरं कापड आणलं, जवळपास सोळा मीटर लागलं. पहिली चूक इथेच केली: न धुता कापलं. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि पहिल्या धुण्यात तो आटतो. बंडी शिवून झाल्यावर घामाने भिजली, धुतली, आणि बंद छातीवर येईनात. दुसऱ्या वेळी आख्खं कापड रात्रभर बादलीत भिजवलं, दोरीवर वाळवलं, मग कात्री लावली.

घरच्या शिलाई मशीनखाली सात-आठ थरांच्या वर जात नाही, सुई मोडते. तेव्हा सात-आठ थरांचे दोन पाट मशीनवर वेगवेगळे शिवून घ्यायचे आणि मग दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकांना जोडायचे. ओळींत चार बोटं अंतर. अंगठ्याला चामड्याचा तुकडा बांधा. जांभळी नाक्याकडच्या एका गादीवाल्याने माझं काम बघून फक्त एवढंच म्हटलं, "ताण सोडा, कापड गुदमरतंय." खरं होतं. दोरा इतका ओढला होता की पाठ पुठ्ठ्यासारखी झाली होती आणि वाकता येत नव्हतं.

वजन दोन-अडीच किलो, काम पंधरा-वीस संध्याकाळचं. मावळा, पायदळ, गडकरी अशा कुठल्याही साध्या पात्राला ती शोभते, आणि पुढे चिलखत आलंच तर तिच्याच वर चढतं. उघड्या अंगावर किंवा पातळ सदऱ्यावर चिलखत घालणाऱ्यांना संध्याकाळी आरसा दाखवा; खांद्यावर कड्यांचे ठसे उमटलेले असतात.

अंगावर घेतल्यावरचा फरक मात्र दुकानात कळत नाही. कडीचं चिलखत खांद्याला मारतं. रुंद चामडी पट्टा कमरेला घट्ट बांधून वरचा भाग थोडा फुगवून घेतला की बराच भार कमरेवर जातो. हे न करणारे तासाभरात मान चोळताना दिसतात. वारा जाळ्यातून आत येतो, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात लोखंडच तापतं, हाताच्या मागच्या बाजूला चटके बसतात. बंडी तापत नाही, घाम पिते, आणि दहा वाजेपर्यंत ओल्या गादीसारखी जड होते. घरी आल्यावर उलटी करून पंख्याखाली टाकावी लागते, दोन दिवस तरी.

खरी परीक्षा जूनमध्ये. ठाण्याची हवा लोखंडाला सोडत नाही. जी.आय. थोडा दम धरते, साधी पोलादी तार पहिल्या पावसात तांबूस होते. पावसाळ्याआधी खोबरेल सोडून कुठलंही हलकं मशीनचं तेल लावा, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंडता सुती पिशवीत ठेवा. गंज चढलाच तर जाड गोणपाटात कोरडी वाळू आणि चिलखत घालून दोघांनी टोकं धरून हलवायचं. युरोपात याच कामाला वाळूचं पिंप गडगडवत. गॅलरीत करू नका, खालच्या मजल्यावरून तक्रार येते. बंडीचा शत्रू बुरशी आहे, आणि कुबट वास एकदा लागला की जाता जात नाही.

डोक्याचं आणि पायाचं थोडक्यात: लोखंडी टोपाखाली सुती टोपी, आणि कोल्हापुरीला खालून रबर. रंगांबद्दल मात्र हट्ट धरा. नीळ, मंजिष्ठ, हळद, डाळिंबाच्या सालीचा रंग. पहिला कृत्रिम जांभळा रंग इंग्लंडात १८५६ मध्ये सापडला, त्यामुळे भडक जांभळं साटन घालून कुणी शिवकाळात जाऊ शकत नाही. बाराबंदीला बटणं नकोत, बंदच हवेत. बाहेरून दिसणारे टाके हाताचे घाला. आतले मशीनचे असले तरी कुणी उलटं करून बघत नाही. नवी मुंबईतल्या ज्या मुलांना युरोपी सरदार व्हायचंय त्यांच्यासाठी एवढंच: पंधराव्या शतकाचा पूर्ण पत्र्याचा पोशाख वीस-पंचवीस किलोचा, आणि तो मापानेच करावा लागतो. तयार घेतलात तर गुडघा एकीकडे आणि पत्र्याची वाटी दुसरीकडे. त्यापेक्षा तेराव्या शतकाचं पात्र घ्या. तेव्हा कड्यांवरच भागायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे चिलखत नकोच?" मी त्याला ८ मिलिमीटरचा गज, अर्धा किलो तार आणि एक जुनी पक्कड दिली. वीतभर तुकडा ओवून दाखव, मग बोलू म्हटलं. आणि भिवंडीची चिठ्ठी दिली: मांजरपाट, सोळा मीटर. काल रात्री जिन्यात त्याची आई भेटली. विचारत होती, बाथरूममधल्या बादलीत हे एवढं कापड कशाला भिजत घातलंय.