नमुना अस्सल, माल भेसळीचा

इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे झाडापानांतून काढलेल्या सुगंधी तेलांच्या, खरेदीत फसायला माणूस बावळटच असावा लागतो असं नाही. मी नमुना मागवला होता, तो साबणात घालून पाहिला होता, तपासणीचा रिपोर्ट मागितला होता, पक्कं बिल घेतलं होतं. तरीही लव्हेंडर म्हणून भलतंच काहीतरी घरात आलं. "नमुना बघून घ्या, रिपोर्ट मागा" हा सल्ला सगळेच देतात. तो पुरत नाही, म्हणून हे जरा लांबण लावून लिहिते आहे.

इंदूरला सुदामानगरात माझा घरगुती साबणांचा आणि उटण्याचा छोटा धंदा आहे. राखीपासून दिवाळीपर्यंत खरी विक्री, बाकी वर्षभर आपलं चालू. गवती चहा, निलगिरी, पुदिना ही तेलं मी पहिल्यापासून सियागंजातून, इथल्या घाऊक बाजारातून, घेत आले. लव्हेंडरला मागणी वाढली तेव्हा बाहेरचा पुरवठादार शोधला. बोलणं गोड, वेबसाइट चकाचक, बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नावसुद्धा छापलेलं. नमुना आला तो खरोखर छान होता. नंतर घेतलेला पहिला छोटा लॉटही चांगला निघाला. गवती चहाचं तेल तर सियागंजापेक्षा सरस होतं. हे आज आठवलं की राग येतो, कारण डाव तिथेच होता. गवती चहाच्या तेलात भेसळ करून कुणाच्या हाती काय लागणार? स्वस्तातलं तेल चोख द्यायचं आणि त्या विश्वासावर महागातलं मारायचं.

गणपतीच्या आधी दिवाळीची मोठी ऑर्डर दिली. दोन किलो लव्हेंडर आणि त्याच्यासोबत थोडं पाचोली, म्हणजे पाचोलीच्या पानांचं तेल. भाव बाजारापेक्षा कमी होता, पण संशय यावा इतका नाही. निम्म्या भावात कुणी देऊ लागला तर आपण सावध होतो, पाव हिस्सा कमी असला तर "ठोक भाव असेल" म्हणतो. मुरलेल्या लबाडाला हे बरोबर ठाऊक असतं.

पहिला खटका बसला तो घोटताना. मी साबण थंड पद्धतीने करते, म्हणजे तेलं आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र घोटायचं, मिश्रण पळीवाढं झालं की सुगंध घालायचा आणि साच्यात ओतायचं. पहिल्या लॉटचं लव्हेंडर घातलं होतं तेव्हा मिश्रण शांत राहिलं होतं, ओतायला भरपूर वेळ मिळाला होता. या वेळी तेल घातलं आणि पातेल्यातच गोळा होऊ लागलं, साच्यात अक्षरशः थापावं लागलं. तेलं तीच, प्रमाण तेच, बदललं होतं ते फक्त लव्हेंडर.

शेजारी एक काका राहतात, पिथमपूरच्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला जन्म काढलेले. त्यांना बाटली दाखवली तर त्यांनी वास घेतलाच नाही. म्हणाले, "नाकाला विचारू नकोस गं, नाक दोन मिनिटांत फितूर होतं." घरातून काचेचं मोजपात्र घेऊन आले, बूच असलेलं, उभं. त्यात दहा मिलि पाणी, वर दहा मिलि लव्हेंडर, बूच लावून खूप हलवलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. तेल वर आलं, पाणी खाली बसलं. पण दोन्हींमधली रेघ दहावर नव्हती, तेरावर होती. वर तेल उरलं सात मिलि. तीन मिलि "तेल" पाण्यात विरघळून गेलं होतं. जुन्या लॉटची तळाशी उरलेली बाटली होती, तिच्यावर हेच केलं तर रेघ दहावरून हलली नाही.

पाण्यात विरघळणारा हा पदार्थ बहुतेक डीपीजी, म्हणजे डायप्रोपिलिन ग्लायकोल, असं काका म्हणाले. त्याला रंग नाही, वास जवळपास नाही, अत्तरवाले आणि अगरबत्तीवाले सुगंध पातळ करायला तो उघडपणे वापरतात. सांगून वापरला तर त्यात काही गुन्हा नाही. लव्हेंडरच्या भावाने विकला की झाली चोरी.

ही पाण्याची परीक्षा प्रत्येकाने करावी, पण तिच्यावरच विसंबू नये. पाण्यात विरघळणारी भेसळच तिच्यात सापडते. लिक्विड पॅराफिन किंवा कारखान्यात बनवलेलं लिनालूल (लव्हेंडरमधला एक मुख्य घटक) मिसळलं असेल तर रेघ जागची हलणार नाही. डायइथाइल थॅलेट हे दुसरं आवडतं भेसळद्रव्य, तेही पाण्यात विरघळत नाही, पण ते पाण्याहून जड असतं. शुद्ध लव्हेंडरची घनता ०.८८ ते ०.८९ च्या आसपास असते, म्हणजे शंभर मिलि तेल साधारण अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद ग्रॅम भरायला हवं. सोनाराकडे असतो तसला बारीक काटा असेल तर हे घरी पाहता येतं. कागदावर थेंब टाकून डाग बघायची परीक्षा अर्धवट खरी आहे. लव्हेंडर, निलगिरी उडून जातात आणि मागे तेलकट डाग राहिला तर गोडं तेल किंवा पॅराफिन असल्याचा संशय घ्यावा, पण चंदन, वाळा, पाचोली ही जड तेलं शुद्ध असूनही कागदावर रेंगाळतात. फ्रिजमध्ये गोठवून बघायची परीक्षा तर मला मुळीच पटत नाही. अस्सल गुलाबतेल थंडीत आपोआप थिजतं, ते काय खोटं म्हणायचं?

आता रिपोर्टची गंमत. माझ्याकडे दोन्ही लॉटचे जीसी-एमएस रिपोर्ट होते. या तपासणीत तेलातले घटक वेगवेगळे होतात आणि कशाचं प्रमाण किती ते टक्क्यांत कळतं. चांगल्या लव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन मोठे घटक, दोन्ही साधारण पंचवीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास. कापूर नगण्य. कापराचं प्रमाण चांगलंच जास्त दिसलं तर ते लव्हांडिन असू शकतं, लव्हेंडरचाच संकर, उत्पादन जास्त आणि भाव बराच कमी. हे सगळं मी रिपोर्टमध्ये पाहिलं होतं आणि सगळं बरोबर होतं. पाहिलं नव्हतं ते दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून. काकांनी ठेवले. सगळे आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत तेच, आलेखाच्या शिखरांची उंचीसुद्धा तीच. बॅच नंबर तेवढा वेगळा, आणि तोही बाकीच्या अक्षरांपेक्षा गडद. नंबराखालची चौकटीची रेघ मधेच पुसली गेलेली. रिपोर्टवर प्रयोगशाळेचा फोन होता. रिपोर्ट क्रमांक सांगितला तर पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की हा क्रमांक आमचाच आहे, पण बॅच ही नाही.

पुरवठादाराला फोन केला. त्याचं उत्तर ऐका: "मॅडम, नॅचरल प्रॉडक्ट है, लॉट में थोड़ा फर्क तो आता ही है." बरोबरच आहे. पाऊस, माती, तोडणीची वेळ यांनी दर लॉटमध्ये फरक पडतोच. मग भाऊ, तुझ्या रिपोर्टमध्ये तो का नाही पडला? यावर फोन कट. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर निरोप, सील तोडलेला माल परत घेत नाही. आता सील न तोडता तेल तपासायची युक्ती त्याने कुठे शोधली होती कोण जाणे.

पण त्याच्याही हातून एक धागा सुटला होता, तो बिलात सापडला. जीएसटीच्या बिलावर वस्तूपुढे एचएसएन कोड असतो. इसेन्शियल ऑइलचा कोड ३३०१. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणांचा ३३०२. त्याच्या पहिल्या बिलावर लव्हेंडरपुढे ३३०१ होतं, दुसऱ्या बिलावर त्याच नावापुढे ३३०२. म्हणजे मला विकलं शुद्ध तेल आणि सरकारला सांगितलं मिश्रण! कोड चुकून पडला असंही होऊ शकतं, नुसत्या कोडवरून कुणाला चोर ठरवू नये, पण मोजपात्र, रिपोर्ट आणि कोड हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

सियागंजातल्या माझ्या जुन्या व्यापाऱ्याला हे सांगितलं तर तो वजन करता करता, मान वर न करता म्हणाला, "भाभीजी, सैंपल तो सबका अच्छा होता है." एवढं बोलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पैशांचं म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक म्हणून करता येत नाही असं मला आधी दोघातिघांनी सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना सूट आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मोजपात्राचे फोटो, दोन्ही रिपोर्ट, दोन्ही बिलं एकत्र करून पुरवठादारालाही पाठवली आणि आयोगात जाणार असं कळवलं. आधी तो म्हणाला, पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करू. म्हणजे बुडालेल्या पैशांत पुन्हा त्याचाच माल घ्यायचा! शेवटी लव्हेंडरचे पैसे आले. पाचोलीचे आले नाहीत, माल पाठवण्याच्या भाड्याचे नाहीत, आणि वाया गेलेल्या वड्यांतल्या खोबरेल-ऑलिव्हचे तर कोण देणार. पाचोली तपासायला पाठवण्याइतका दम नव्हता, ती बाटली तशीच पडून आहे.

या निमित्ताने भावाचा हिशेब करायची सवय लागली, ती तुम्हीही लावून घ्या. किलोभर गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. फुलांचा भाव किलोला शंभर रुपये धरला तरी दहा ग्रॅम तेलात नुसत्या फुलांचेच साडेतीन हजार होतात. भट्टी, सरपण, मजुरी वेगळी. आणि "१०० टक्के शुद्ध गुलाब" दहा मिलि तीन-चारशे रुपयांना सर्रास मिळतं! चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे, कारण गाभ्यात तेल धरायला झाडाला पंधरा-वीस वर्षं लागतात. मोगऱ्याचं तेल वाफेवर काढून विकत नाहीत, त्याचं द्रावक वापरून काढलेलं ॲब्सोल्यूट मिळतं, तेही महाग. आंबा, स्ट्रॉबेरी, सफरचंद यांचं "इसेन्शियल ऑइल" ज्याच्या यादीत दिसेल त्याची यादी तिथेच मिटावी. "थेराप्युटिक ग्रेड" हे शब्दही असेच. असा दर्जा कुठलंही सरकार ठरवून देत नाही, तो विकणाऱ्यानेच स्वतःला दिलेला असतो.

स्वस्त आणि अस्सल हवं असेल तर आपल्याकडचंच तेल घ्यावं, हे मला फार उशिरा सुचलं नाही तरी आधी सुचायला हरकत नव्हती. आमच्या निमाडात आणि बैतूलकडे रोशा गवत होतं, मराठीत आपण तिखाडी म्हणतो. त्याच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या वर जिरॅनिऑल हा सुगंधी घटक असतो, वास गुलाबाच्या अंगाने जाणारा. एकेकाळी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि तिथल्या गुलाबतेलात भेसळीला वापरलं जायचं, म्हणजे या धंद्यात आमच्या भागाचेही हात अगदी स्वच्छ नाहीत! पण रोशा म्हणून घेतलं तर ते रास्त भावात मिळतं आणि साबणात छान टिकतं. माझ्या गुलाबी वडीत आता तेच आहे, आणि वेष्टनावर "रोशा" असंच लिहिते.

लव्हेंडरसाठी नवा पुरवठादार मिळाला आहे. त्याची वेबसाइट धड चालतही नाही. पण चंदन मागितलं तर म्हणाला, "तुमच्या बजेटमध्ये माझ्याकडे नाही, दुसरा देत असेल तर त्याच्याकडूनही घेऊ नका." आलेल्या लॉटचा रिपोर्ट मागितला तर पाठवतो, आणि दोन लॉटचे आकडे वेगळे असतात. माल आल्यावर पंधरा दिवसांत तपासणीत खोट निघाली तर फोडलेली बाटलीही परत घेईन, हे त्याने ईमेलवर लिहून दिलं आहे. जो हे लिहून द्यायला खळखळ करतो त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

प्रत्येक लॉटमधलं दहा मिलि गडद काचेच्या बाटलीत काढून, वर तारीख आणि बॅच लिहून कपाटात ठेवते. तुलनेला आधीचं तेल नसतं तर मोजपात्राची रेघ दाखवूनही तो "असंच असतं" म्हणाला असता.

बाहेरच्या तपासणीचा खर्च एकटीला परवडत नाही, हे खरं आहे. कन्नौजला एफएफडीसी (फ्रेग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर) म्हणून केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाखालची संस्था आहे, १९९१ पासूनची, ती फी घेऊन तेलं तपासून देते. आम्ही साबण करणाऱ्या तिघीजणी आता लव्हेंडर एकत्र मागवतो, एकाच बॅचचं, न फोडलेल्या कॅनमधून नमुना काढून तपासायला पाठवतो आणि रिपोर्ट आला की मगच वाटून घेतो. फी तिघींत विभागली की किलोमागे फार पडत नाही. लोकमान्यनगर, सुदामानगर किंवा राजवाड्याच्या बाजूची आणखी कुणी यात येणार असेल तर चालेल, फक्त मागणी पावसाळ्याच्या आत सांगा, दिवाळीच्या तोंडावर नको.