पाट्यांचे नवे माउंट: हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतर

गाडी जुनी फोर-बाय-फोर डबल कॅब पिकअप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). एरवी बागेत खत, पाण्याची टाकी, चिरे. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या भरून तळेरे, वैभववाडी, करूळ घाट करत कोल्हापूर. आणि सवड मिळाली की बंद चिरेखाणीत दोस्तांबरोबर चढउतार. दिवाळीनंतर मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल बाहेरच्या कंपनीचे बसवले. आता चतुर्थीही झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

गाडीखाली कधी वाकून बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पाट्याचं पुढचं टोक चासीला रिव्हेट मारलेल्या हँगरमध्ये बोल्टवर अडकलेलं असतं. मागचं टोक शॅकलवर, म्हणजे झुलत्या लोखंडी दुव्यावर, झुलतं, कारण वजन पडलं की कमान सपाट होते, पाटा लांबतो आणि त्या लांबीला सरकायला जागा लागते. दोन्ही टोकांना रबरी बुश, म्हणजे बोल्टाभोवती बसणारी रबरी नळी. शॅकल झुलायची थांबली की सगळे दणके थेट चासीत जातात.

आपल्याकडे ती थांबते ती वजनाने नाही, गंजाने. देवगडच्या सड्यावर खारा वारा बारा महिने. जांभ्याची लाल माती फटीत बसली की ओल धरून राहते. दोन-चार पावसाळ्यांत बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट एकजीव. माझ्या गाडीचंही तेच झालं होतं. मेस्त्रींनी पान्याला हातभर पाइप लावून जोर केला तर बोल्टाचं डोकंच तुटून हातात आलं. "ह्यो फिरूचो नाय, कापूकच व्हयो," म्हणाले आणि ग्राइंडर काढला. बाहेर आलेल्या बोल्टाची मधली जाडी झिजून पार निम्मी झालेली. यावर पेट्या लादून आपण घाट चढत होतो!

नवीन किटमध्ये जाड प्लेटचे हँगर, ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या पिना आणि पॉलीयुरेथेनचे बुश आहेत. रिव्हेटची डोकी घासून, रिव्हेट ठोकून काढले, भोकं रीमरने साफ करून 10.9 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट घट्ट बसतील असे घातले. काही गॅरेजवाले हँगर सरळ वेल्ड करून देतात, काम अर्ध्या वेळात होतं. चासीला ते करू देऊ नका. वेल्डच्या कडेला उष्णतेने लोखंडाचा गुण बदलतो आणि पुढे तडा तिथूनच जातो. पाटा अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट किटमध्ये नव्हते, ते वेगळे नवेच घेतले. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, आणि नवा असला तरी थोडं चालवून पुन्हा आवळावा लागतो.

आता अनुभव. रिकाम्या गाडीत फरक पडला तो वाईटाकडे. पॉली रबरापेक्षा कडक, त्यामुळे नांदगावपासून देवगडपर्यंतचा प्रत्येक खड्डा पाठीला मोजता येतो. घरच्यांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. पेट्या भरल्या की मात्र गाडी वेगळीच. करूळच्या वळणांवर मागचा भाग पूर्वी जरा उशिरा वळायचा, तसा डुलायचा, ते गेलं.

कुरकुर आहे. बुश कोरडे पडले की रहाटासारखा आवाज येतो, ग्रीस मारलं की बंद. जूननंतर ग्रीसगन जवळपास गाडीतच होती. साधं ग्रीस धुवून जातं. ट्रॉलरवाले वापरतात ते खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस बंदरावरच्या दुकानात मिळतं, ते बरं. निपलमधून ते भरताना कडेने लाल पाणी आणि गाळ बाहेर येतो आणि मग स्वच्छ ग्रीस दिसायला लागतं. पैसे वसूल झाले असं मला वाटतं ते इथे. पावसाळा संपल्यावर एक पिन मुद्दाम काढून बघितली. साध्या पान्याने, ग्राइंडरशिवाय सुटली.

तक्रारी दोन. डाव्या बाजूचं एक निपल आतल्या अंगाला आहे, गनचा सरळ पाइप तिथे पोचत नाही, लवचिक नळी लागते. आणि रंग! पावडर कोटिंग श्रावणातच खपलीसारखं सुटलं, खाली गंज. या किमतीत, मूळ पार्टच्या जवळपास दुप्पट, झिंकचा हात तरी द्यायचा. मी घासून प्रायमर मारला. गाडीखाली जळकं ऑईल फवारायची आपल्याकडे सवय आहे. रबरी बुश असतील तर ते टाळा, तेलाने रबर फुगून मऊ पडतं.

ग्रीस जाण्यासाठी आतून पोकळ असलेल्या पिनेची ताकद भरीव बोल्टापेक्षा कमी असते, हेही लक्षात ठेवा. खाणीत एक चाक अधांतरी राहिलं की सगळा पीळ तिथे येतो. म्हणून जाड पिनेचंच किट बघा.

लांब शॅकल लावून गाडी उचलावी का, हे दोस्त हमखास विचारतात. मी मूळ लांबीचीच घेतली. शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी साधारण एकच इंच उठते, वर मागच्या अॅक्सलचं तोंड आभाळाकडे फिरतं, शाफ्टचा जॉइंट वाकडा चालतो आणि गाडी थरथरते. मग ते सरळ करायला पाट्याखाली पाचर घालत बसा. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. चढावर पोट घासतंय तर वाट बदला.

बसवून घेताना एकच गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्या. रबरी बुश ठेवणार असाल तर शेवटचा आवळ चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर असताना द्यायचा. जॅकवरच आवळलं तर गाडी उतरताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहून फाटतं. पॉलीचा बुश पिनेवर फिरतो, त्याला हा त्रास नाही.

पॉलीचे सुटे बुश मला देवगड-कणकवलीत मिळाले नाहीत, कुरिअरने मागवले आणि एक जोडी सीटखाली ठेवली आहे. अडलंच तर दुकानातले मूळ मापाचे रबरी बुश साध्या बोल्टासकट याच हँगरात बसतात, ते लावून बघितलंय.