सात दिवसांचं शिबिर की दर शनिवारची भेट?

कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात शिबिर भरलं की मुलं हरखतात. पण आठव्या दिवशी ताई-दादा निघून जातात.

त्यापेक्षा दर शनिवारी त्याच मुलाला शिकवायला दिलेले दोन तास मला कितीतरी मोलाचे वाटतात. घरी कोंकणी, चौथीपर्यंत शाळेत मराठी आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यम! गोव्यातली अनेक मुलं इथेच गप्प होतात. गणित अडलंय की गणितातला इंग्रजी शब्द, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीतच कळतं. परीक्षा आल्या, वाळपईची बस चुकली की खाडा होतो, म्हणून एका मुलामागे दोघे विद्यार्थी असावेत. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टीही आधीच सांगावी. मूल दारात वाट बघत असतं.