मोफत शालेय गणवेश: राज्याने पाठवलेला आणि गावात घेतलेला, झेडपी शाळेतल्या बाईंचा रिव्ह्यू

गणवेशाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण राज्यातली लाखो पोरं वर्षभर हेच दोन ड्रेस घालतात, आमच्याकडे कितीतरी घरांत पाहुण्याच्या लग्नाला पण हाच ड्रेस धुवून घालतात, म्हणून लिहितेय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सातवीपर्यंतची शाळा आहे, आणि गणवेशाचं काम माझ्याकडेच असतं, मापं घेण्यापासून पालकांच्या सह्या घेण्यापर्यंत.

आधी २०२४-२५ चा 'एक राज्य एक गणवेश'. दीपक केसरकर शिक्षणमंत्री असताना २०२३ मध्ये ही योजना जाहीर झाली आणि २०२४ ला पूर्ण लागू झाली, कापड राज्यातून एकत्र घेणार, एक ड्रेस बचत गटांच्या महिला शिवून देणार आणि दुसऱ्या स्काऊट गाईडच्या ड्रेसचं नुसतं कापड शाळेत येणार, ते आम्ही शिवून घ्यायचं. रंग आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, शर्टाला खांद्यावर पट्टी आणि दोन खिसे. दिसायला चांगला होता हे मी मनापासून सांगते, पहिली ते चौथीच्या मुलींचा पिनो फ्रॉक तर गोड दिसायचा. पण सातवीपर्यंतच्या मुलांना हाफ पँट. आमची सातवीतली पोरं मिसरूड फुटायला लागलेली असतात, ती हाफ पँटीत मुलींसमोर फळ्याजवळ यायला लाजायची, हे ठरवताना एकदा कुठल्याही वर्गात येऊन बसायला पाहिजे होतं.

शिवणाचं सांगते. आमच्याकडे आलेल्या ड्रेसला आत माया, म्हणजे शिवणीत दुमडून सोडलेलं जादा कापड, जवळजवळ ठेवलेलीच नव्हती. पोरगं वाढतं हो, जूनमध्ये घेतलेला शर्ट मार्चपर्यंत पुरवायचा असतो, माया असली की आई दिवाळीत उसवून वाढवते, इथे उसवायला कापडच नाही. काजं मोठी, बटणं निसटायची. मापं आम्ही पाठवली होती तरी मोठ्या मापाचे ड्रेस कमी आणि लहान जास्त आले, मग वाटताना कुणाला कोंबून बसव तर कुणाच्या बाह्या दुमडून दे असं चाललं. यात शिवणाऱ्या बायांना दोष देणार नाही, एका गणवेशाला शिलाई १०० रुपये आणि वर १० रुपये इतर खर्चाला, त्यात कोण किती जीव ओतणार. स्काऊटचं कापड आमच्या गळ्यात पडलं तेव्हा आम्हालाही तोच ११० चा दर, गावातल्या टेलरने हात जोडले, बाई लग्नाच्या सीझनमध्ये एका ब्लाऊजचे याच्या दुप्पट मिळतात म्हणाला. शेवटी दोन पालक आयांनी घरी मशीनवर शिवून दिले.

आणि वेळ. १५ जूनला शाळा सुरू, १५ ऑगस्टला झेंडावंदन, २०२४ च्या त्या झेंडावंदनाला राज्यात किती शाळांमधली पोरं जुन्या नाहीतर रंगीत कपड्यांत उभी होती हे पेपरात तेव्हा येऊन गेलंय, आमचीही तशीच होती. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या शाळेतल्या आयांच्या खात्यावर लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते जमा झाले. ते मिळाले याचा मला आनंदच आहे, एका आईने त्यातून पोराला दप्तर घेतलं. पण जूनअखेरच्या बजेटमध्ये जाहीर केलेली योजना राखीपौर्णिमेच्या आत इतक्या घरांत पोचवता येते, फॉर्म भरायला, कागद गोळा करायला गावोगाव माणसं लावता येतात, तर वर्षभर आधी जाहीर केलेला गणवेश झेंडावंदनाला का नाही पोचत? माझं स्पष्ट मत आहे, पहिलीतलं पोरगं मतदार नसतं आणि विधानसभा नोव्हेंबरमध्ये होती. कोणतंही सरकार असो, शाळेचा पैसा सगळ्यात शेवटी सुटतो, हे मी नोकरीत लागल्यापासून बघतेय.

निवडणूक झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला, २०२५-२६ पासून गणवेश परत शाळा व्यवस्थापन समितीकडे. हे माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं शहाणपणाचं काम. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात, त्यांना कापड कळतं. आमच्या समितीतल्या एका आजीने दुकानात कापड हातात घेऊन चुरगाळून बघितलं, ओल्या रुमालाने घासून रंग लागतो का बघितलं आणि दोन ठाण बाजूला काढायला लावले. रंग आम्ही गडद ठेवला कारण आमच्याकडे पाणी आठवड्यातून दोनदा येतं, पांढरा झेपत नाही. मोठ्या मुलांना फुल पँट. मायेला दीड इंच सोडायला सांगितलं. माप चुकलं तर पोरगं संध्याकाळी बापाबरोबर जाऊन बदलून आणतं, तालुक्याला पत्र लिहावं लागत नाही. ड्रेस म्हणून विचाराल तर हा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला.

पण पैसे! एका गणवेशाचे ३०० म्हणजे दोनचे ६००. शाळांसाठीची केंद्राची जुनी योजना सर्व शिक्षा अभियान होतं तेव्हा ४०० होते, २०१८ ला त्याच्या जागी समग्र शिक्षा आलं तेव्हा ६०० झाले आणि तिथेच अडकलेत. ६० टक्के केंद्राने, ४० टक्के राज्याने द्यायचे, दोघांनाही कापड आणि शिलाई किती वाढली ते दिसत नाही. पहिलीच्या पोराचा ड्रेस ३०० मध्ये कसातरी बसतो, सातवीच्या मुलीचा सलवार कमीज बसत नाही, मग लहानांच्या ड्रेसमधून वाचवून मोठ्यांना लावायचं, नाहीतर कुणाकडे तरी मदत मागायची. आणि रक्कम खात्यावर वेळेत येत नाही, आम्ही उधारीवर माल आणला, दुकानदार भला माणूस आहे पण त्याचा फोन आला की मुख्याध्यापक सर उचलायला घाबरतात. बुटांना आणि दोन जोड पायमोज्यांना मिळून १७० रुपये ठरवले होते, १७० मध्ये कुठले बूट येतात ते तुम्हीच बाजारात बघून या.

समितीला चुका जमतात हे मान्य. काही गावांत सरपंचाच्या पाहुण्याचं दुकान ठरतं, कापड हलकं घेतात, हेही होतं. त्याला उपाय बिल आणि कापडाचा नमुना शाळेत भिंतीवर लावणे, पालक बरोबर प्रश्न विचारतात. आणि वरून पैसा फिरवायचे प्रयोग आधीही झालेत, २०१७-१८ ला गणवेशाचे ४०० थेट मुलाच्या आणि आईच्या जॉइंट खात्यावर देणार म्हणाले, खातं उघडायला आया मजुरी बुडवून बँकेत चकरा मारत होत्या, आधी ड्रेस घ्या बिल द्या मग पैसे मिळतील, ज्यांच्याकडे घ्यायला पैसे नाहीत त्यांच्यासाठीच तर योजना होती ना. आधी समितीकडे, मग बँकेत, मग परत समितीकडे, मग मंत्रालयात, आता पुन्हा समितीकडे. दर वेळी जीआर नवा आणि फॉर्म आम्ही भरतो, तेवढे तास वाचन लेखनातून जातात.

रेटिंग द्यायचं तर २०२४ च्या ड्रेसला पाचात दीड, तो अर्धा रंगाला. गावात घेतलेल्याला चार, एक कापला तो ६०० च्या रकमेसाठी आणि उशिरासाठी, समितीच्या कामासाठी नाही.

ज्या समित्यांना पुढच्या वर्षीची खरेदी करायचीय त्यांनी मे महिन्यातच मापं घेऊन ठेवा, सुट्टीत पोरं मामाच्या गावाला जायच्या आधी, आणि माप घेताना उंचीला दोन इंच वाढवून लिहा. नमुन्याचा एक ड्रेस घरी नेऊन तीनदा धुवा, मगच ऑर्डर द्या. स्कर्टला आणि हाफ पँटला इलास्टिक बरोबर हुकही लावून घ्या, नुसतं इलास्टिक दिवाळीपर्यंत सैल होतं. आणि ठरावात दर लिहिताना खरा खर्च किती आला तोही लिहा, ३०० च्या वर जितका गेला तितका आकड्यात, मासिक सभेत वाचून पंचायत समितीला पाठवा.