पावसातील टायरबदल: अखेरचा शब्द ड्रायव्हरचा की पिटवॉलचा?

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पाऊस आला की टायर कधी बदलायचे, याचा अखेरचा शब्द कोणाचा हे संघाने आधीच ठरवून ठेवायला हवे, कारण थेंब पडू लागल्यावर वाद घालायला कोणाला सवड नसते. चाकांखाली या क्षणी किती पकड आहे हे ड्रायव्हरला सर्वांत आधी कळते. पिटवॉलवरील, म्हणजे ट्रॅकच्या कडेला बसून डावपेच ठरवणाऱ्या, अभियंत्यांसमोर मात्र पावसाचे रडार असते, टायर बदललेल्या इतर गाड्यांच्या वेळा असतात आणि म्हणून पुढच्या काही मिनिटांचा अंदाज असतो. माझे मत असे की पाऊस वाढत असेल तर पिटवॉलचे ऐकावे आणि ट्रॅक सुकत असेल तर ड्रायव्हरचे.

पिटवॉलच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे २०२१ ची सोची येथील शर्यत. शेवटच्या काही लॅप (फेऱ्या) उरल्या असताना ट्रॅकचा काही भाग ओला झाला होता आणि काही भाग अजून कोरडा होता, त्यामुळे आघाडीवर असलेल्या लँडो नॉरिसला कोरड्या ट्रॅकसाठीच्या गुळगुळीत स्लिक टायरवर निभावेल असे वाटले आणि त्याने हलक्या ओल्या ट्रॅकसाठीचे इंटरमीडिएट टायर नाकारले. लुईस हॅमिल्टननेही पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या जागी, येण्याची पहिली सूचना पाळली नव्हती, परंतु दुसऱ्या वेळी तो आला आणि कारकिर्दीतील शंभरावा विजय घेऊन गेला. नॉरिस घसरत सातव्या क्रमांकावर गेला. त्याचे कौशल्य कुठेच कमी पडले नव्हते. पुढच्या लॅपमध्ये किती पाणी असेल हे गाडीत बसून दिसणे शक्यच नव्हते. टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या आकड्यांनुसार ताशी ३०० किलोमीटर वेगाला एक इंटरमीडिएट टायर सेकंदाला सुमारे ३० लिटर आणि जोरदार पावसासाठीचा फुल वेट सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला सारतो, तर स्लिकला पाणी सारणाऱ्या खाचाच नसतात. म्हणूनच वाढत्या पावसात चूक झाली तर तिची किंमत सेकंदांत मोजता येत नाही, गाडीच ट्रॅकबाहेर जाते.

ट्रॅक सुकत असताना हिशेब उलटतो. इस्तंबूलला २०२० मध्ये हॅमिल्टनने इंटरमीडिएटच्या एकाच संचावर ५० लॅप काढल्या, खाचा झिजून टायर जवळजवळ गुळगुळीत झाले, तरी अखेरीस थांबायला तो राजी झाला नाही आणि सातवे विश्वविजेतेपद त्याने तिथेच मिळवले. टायर किती झिजला आहे आणि तरीही तो किती धरतो, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नव्हते.

याला अपवाद आहेत. त्याच ट्रॅकवर २०२१ मध्ये त्याने पिटची सूचना लांबवली, अखेर उशिरा थांबला आणि पाचवा आला. शांघायला २००७ मध्ये तर झिजलेल्या टायरवर जास्त वेळ बाहेर राहिल्याने तो पिटच्या प्रवेशमार्गावरील खडीत अडकला. त्यामुळे ड्रायव्हरचा शब्द अंतिम मानला, तरी टायरच्या आयुष्याची कमाल मर्यादा पिटवॉलने आधीच ठरवावी आणि ती ओलांडल्यावर चर्चा थांबवावी.

रेडिओवरचा प्रश्नही नीट निवडावा. ‘इंटरमीडिएट हवेत का?’ असे विचारले की ड्रायव्हर आपली इच्छा सांगतो. ‘मागच्या लॅपपेक्षा कोणती वळणे जास्त ओली आहेत?’ असे विचारले की तो माहिती देतो, आणि पिटवॉलला रडारशी जुळवून पाहण्यासाठी तीच हवी असते.