स्लीव्ह सर्जरीनंतरचं दीड वर्ष : भूक, कातडी आणि बदललेली माणसं

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन, होऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतं, "खरं सांग, करावी का?" उत्तर आधीच देऊन टाकते. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा करून घेईन. पण किती किलो उतरले एवढंच ऐकून कुणी निर्णय घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण या दीड वर्षात वजन उतरणं हा सगळ्यात सोपा भाग होता.

ऑपरेशनबद्दल थोडक्यातच लिहिते. दुर्बिणीतून करतात, पोटावर लहान लहान छेद असतात. जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. वजन कमी करण्याच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे बायपासमध्ये, लावतात, तिथे जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. जखमेपेक्षा मला खांदादुखीने जास्त छळलं. पोट फुगवण्यासाठी आत गॅस भरतात, त्याची ती कळ असते. चालत राहिलं की कमी होते, आणि झालीही.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्यातलं सर्वात मोठं सुख म्हणजे भूक गप्प झाली. जठराचा जो वरचा फुगीर भाग काढून टाकतात, तिथेच घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. तो भाग गेला आणि माझ्या डोक्यात लहानपणापासून चाललेली कटकट थांबली. आधी एक जेवण चालू असतानाच पुढच्याचा विचार सुरू असायचा. मीटिंगमध्ये, बसमध्ये, रात्री अंथरुणात, कुठेही. ऑपरेशननंतर एकदा दुपार उलटून गेली तरी आपण काही खाल्लेलं नाही हे लक्षातच आलं नाही, तेव्हा मी अक्षरशः रडले. ज्यांना मी आयुष्यभर संयमी समजत आले, त्यांना एवढी भूक कधी लागतच नसावी, हे तेव्हा कळलं. आपल्याच मनात काहीतरी खोट आहे हे जे ओझं मी वर्षानुवर्षं वाहिलं, ते त्या दिवशी उतरलं. काट्यावरच्या कुठल्याही आकड्याने मला इतकं हलकं केलं नाही.

खाणं मात्र नव्याने शिकावं लागलं. आधी नुसतं गाळलेलं पातळ, मग दूध-सूप, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि काही आठवड्यांनी नेहमीचं अन्न. पहिल्या दिवसांत पाण्याचा एक घोट घेतला की थांबायचं, मग दुसरा. कडक उन्हातून घरी येऊन गटागटा पाणी पिणं ही गोष्ट आयुष्यातून गेली, आणि तिची आठवण मला अजून येते. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास तरी नाही. प्रोटीन आधी, बाकी सगळं नंतर. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं आणि वाटी तर एवढीशी, त्यामुळे काय खायचं याचा हिशोब सकाळीच मांडावा लागतो.

पोट भरल्याची जुनी जाणीव राहिली नाही, तिच्या जागी वेगळ्या खुणा आल्या. माझं नाक वाहायला लागतं. घास चालू असताना नाकातून पाणी आलं, उचकी लागली किंवा आपसूक खोल उसासा आला की ताट बाजूला. ही खूण ओळखून त्यावर विश्वास ठेवायला मला बराच काळ लागला, कारण ताटात तर अजून सगळंच दिसत असतं. त्या खुणेनंतरचा एक घाससुद्धा महागात पडतो.

अन्न अडकणं म्हणजे काय, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. माझ्या बाबतीत तो कोरड्या चिकनचा लहानसा तुकडा होता. छातीच्या हाडामागे गच्च दाटून आलं. बोलता येईना, बसवेना. तोंडात लाळ सुटायला लागली, घट्ट, चिकट, फेसाळ, आणि ती गिळताही येईना. अशा वेळी पाणी प्यायचं नसतं, खाली वाटच नसल्याने ते आणखी दाटतं. उभं राहायचं, हळूहळू चालायचं आणि वाट पाहायची. शेवटी फेसासकट तो तुकडा वर आला आणि एका क्षणात बरं वाटलं. आता तसं क्वचितच होतं. पण एक गोष्ट गंभीरपणे सांगते. ऑपरेशननंतर रोज उलट्या होत असतील, काहीच टिकत नसेल, तर 'होईल बरं' म्हणून अंगावर काढू नका. बी१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर आणि नसांवर होतो. दृष्टी दुहेरी होणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं वाटणं असलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजन उतरायचं एकदम थांबलं. एवढं कमी खाऊनही काटा हलेना, म्हणजे ऑपरेशन फसलं अशीच माझी समजूत झाली. हे इतक्या जणांच्या बाबतीत घडतं की आहारतज्ज्ञांनी फोनवर माझं वाक्य पुरं होण्याआधीच ओळखलं. सुरुवातीला साठवलेल्या साखरेबरोबर शरीरातलं पाणी भराभर उतरतं, मग शरीर स्वतःला सावरून घेतं आणि काटा पुन्हा खाली येऊ लागतो. माझाही आला.

त्यानंतर केस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका, उशीवर केस, कंगव्यात केस. मोठं ऑपरेशन आणि झपाट्याने घटलेलं वजन या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे केस परत येतात. कपाळावर बारीक, उभे राहिलेले नवे केस दिसले तेव्हा मी आरशासमोर किती वेळ उभी होते. मात्र वर्ष होऊनही गळती थांबली नाही तर लोह, झिंक, प्रोटीन आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. मल्टीव्हिटॅमिन, बी१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं बरं, कारण ते शोषायला जठरातल्या आम्लाची तेवढी गरज लागत नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर एकमेकांच्या आड येतात, म्हणून मध्ये दोन तासांचं अंतर ठेवते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, ते टाळण्यासाठी पहिले सहा महिने वेगळी गोळी होती. हा भाग कंटाळवाणा आहे, पण याच्याशी तडजोड नाही.

माझी खरी तक्रार आहे ती जळजळीची. स्लीव्हमध्ये जठराची नळी अरुंद होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर येतं. मला आधी हा त्रास जवळपास नव्हता. आता रात्री उशिरा खाल्लं की घशाशी कडू येतं, खोकल्याने जाग येते. डोक्याकडची बाजू उंच करून झोपते, गोळी चालू आहे, एंडोस्कोपीही झाली. काही जणांना याच कारणासाठी पुढे बायपास करून घ्यावा लागतो. तुम्हाला आधीपासूनच आम्लपित्ताचा मोठा त्रास असेल, तर स्लीव्ह की बायपास हा प्रश्न सर्जनपुढे ठासून मांडा. बायपासचेही आपले त्रास आहेत. गोड खाल्लं की काही मिनिटांत घाम, धडधड, पोटात पिळवटून येणं, आणि कधी एक-दोन तासांनी साखर एकदम खाली जाऊन हातपाय कापणं. त्याला डम्पिंग म्हणतात. माझ्याबरोबर तपासणीला येणाऱ्या एका बाईंचा बायपास झाला आहे. त्या गोडाच्या वासानेही सावध होतात.

फायद्याच्या बाजूला माझ्याकडे झोप आहे. झोपेत श्वास अडायचा म्हणून रात्री मशिनचा मास्क लावून झोपायचे, आता ते मशिन कपाटात आहे, तेही डॉक्टरांनी पुन्हा झोपेची तपासणी करून सांगितल्यावर. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची एक झाली. साखरेची गोळी बंद आहे, पण मधुमेह 'बरा झाला' असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी सुमारे ७२ टक्के मधुमेही औषधांशिवाय ठीक होते. १५ वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं होतं. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळलं. दोन्ही गोष्टी मी मनात एकत्र ठेवते.

आणि छोटी सुखं आहेत, ती कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाहीत. वाकून बुटाची नाडी बांधताना श्वास कोंडत नाही. हात असलेल्या खुर्चीकडे पाहून आधी अंदाज घ्यावा लागत नाही. पायावर पाय टाकून बसता येतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचून मी बोलणं चालू ठेवते, आणि सोबतच्याला त्यात विशेष काही वाटत नाही.

कातडीबद्दल मात्र कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. दंड, मांड्या, पोट, सगळीकडे कातडी सुटली. पोटावरच्या घडीत आंघोळीनंतर ओल राहते, उन्हाळ्यात तिथे चरचरतं, पुरळ येतं. मी टॉवेलने टिपून, पंख्याखाली उभी राहून, मग पावडर लावते. हे रोजचं आहे. कपड्यांत मी बारीक दिसते आणि कपडे उतरवले की वेगळंच शरीर समोर असतं. व्यायामाने स्नायू भरतात, सुटलेली कातडी आत जात नाही. तिच्यासाठी दुसरं ऑपरेशन, आणि तेही वजन स्थिर झाल्यावरच. माझं अजून ठरत नाहीये. काही दिवस मी या घड्यांकडे प्रेमाने पाहू शकते, काही दिवस दिवा बंद करून कपडे बदलते.

डोकंही मागे राहतं. दुकानात हात अजून मोठ्या मापाकडेच जातो. शिवाय संध्याकाळी कामावरून थकून आलं की पोटाला नको असतं पण मनाला हवं असतं. दुःख, कंटाळा, एकटेपणा, सगळ्यावर माझ्याकडे इतकी वर्षं खाणं हाच उतारा होता. तो काढून घेतल्यावर त्या भावना उघड्या पडल्या. सहाव्या महिन्यात, वजन सर्वात वेगाने उतरत असताना आणि सगळे कौतुक करत असताना, मी सर्वात उदास होते. समुपदेशकाकडे गेले आणि अजून जाते. ही मदत ऑपरेशनइतकीच आवश्यक आहे. काही जण खाण्याऐवजी दारूकडे वळतात. ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि बायपास झालेल्यांमध्ये दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे.

माणसंही बदलली. ज्यांनी कधी नजर दिली नाही ते लिफ्टचं दार धरून उभे राहतात. ऑफिसात माझं बोलणं आता मध्येच तोडलं जात नाही. आनंद व्हायला हवा, पण मला आधी राग आला. मी तीच आहे, तेच बोलत होते. "शॉर्टकट मारलास" म्हणणारेही भेटले. त्यांना मी शांतपणे सांगते की हा आजार आहे आणि हा त्याचा उपचार आहे. २०२२ मध्ये वजन कमी करण्याची (बॅरिएट्रिक) ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी १९९१ पासूनचे निकष सैल करून बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर कुठलाही जोड-आजार नसतानाही ऑपरेशनची शिफारस केली, ती उगीच नाही. घरातही ताण आला. आमचं एकत्र बाहेर जाणं म्हणजे बहुतेक वेळा एकत्र खाणं असायचं. ते गेलं, आणि नवऱ्याला वाटायला लागलं की मी त्याच्या ताटाकडे रोखून बघते. बोलून बोलून मार्ग निघाला, संध्याकाळी चालायला जातो. पण स्वीडनच्या आकडेवारीत ऑपरेशननंतर विभक्त होणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, याचं मला आता नवल वाटत नाही.

गेल्या काही महिन्यांत भूक परत आली आहे. पहिल्यासारखी नाही, पण आहे. तीन किलो परतही चढले. बिस्किटं, आइस्क्रीम, चॉकलेट असलं तोंडात विरघळणारं काहीही या नळीतून सहज उतरतं, कुठे अडत नाही, आणि दिवसभर थोडं थोडं गेलं तर ऑपरेशन ते रोखू शकत नाही. कमीत कमी वजन गाठल्यावर त्यातलं थोडं परत येणं बहुतेकांच्या वाट्याला येतं, हे माहीत असूनही मला काट्यावर पाय ठेवायची भीती वाटत होती. आहारतज्ज्ञांनी ओरडा दिला नाही. त्यांनी माझी डायरी वाचली, दुपारच्या जेवणात प्रोटीन कमी पडत असल्याचं दाखवलं आणि पुढच्या महिन्यात परत यायला सांगितलं.

म्हणून रुग्णालय निवडताना सर्जनच्या हाताइतकंच हे विचारा. पाचव्या वर्षी माझी रक्ततपासणी कोण बघणार? वजन परत चढलं तर फोन कुणी उचलणार? आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक इथेच बसतात का? मी दोन ठिकाणी हे विचारलं होतं. एका ठिकाणी "काळजी करू नका" एवढंच ऐकायला मिळालं. दुसरीकडे मला एका कागदावर माणसांची नावं आणि पुढच्या भेटींच्या तारखा लिहून दिल्या, आणि मी ऑपरेशन तिथे करून घेतलं.